मीटरच्या शब्दाला जागलेली पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं आयुष्य २९ ऑक्टोबर २०२३ रोजी पूर्ण झालं. बरोबर वीस वर्षांपूर्वी, २९ ऑक्टोबर २००३ ला, मुंबईतल्या ताडदेव आरटीओत या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ती भरली आणि दुसऱ्या दिवसापासून काळ्या अंगाची, पिवळ्या छपराची पद्मिनी कायद्याने भाडं घेईनाशी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर बेस्टची जुनी डिझेलवरची डबलडेकर निवृत्त झाली होती. दीड महिन्याच्या अंतराने घरातली दोन वडीलधारी माणसं जावीत, तसं ते मुंबईला जाणवलं.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत बसून मुंबईच्या टॅक्सीसाठी चार शब्द लिहावेत, एवढं तिचं आमच्यावर ऋण आहे. आमच्या भागातला माणूस हौसेने मुंबईला फारसा गेला नाही. तो गेला मंत्रालयात अडकलेल्या कागदापायी, नोकरीच्या मुलाखतीला, नाहीतर टाटा हॉस्पिटलात. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात डॉक्टरांनी ‘एकदा मुंबईला दाखवून या’ म्हटलं की घरात पैशांची जुळवाजुळव सुरू व्हायची, आणि वर्ध्याहून विदर्भ नाहीतर सेवाग्राम एक्सप्रेस धरली जायची. दादरला उतरल्यावर त्या अफाट गर्दीत पहिला आधार मिळायचा तो स्टेशनाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या पद्मिनीचा.

नव्वदच्या दशकात मी माझ्या मोठ्या आईला घेऊन असाच गेलो होतो. टॅक्सीचे चालक पिकल्या दाढीचे, उत्तर प्रदेशातले गृहस्थ होते. वळकटी आणि पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः उचलून टपावरच्या कॅरियरवर ठेवली, दोरी आवळली आणि मीटर डाऊन केलं. ते मीटर गाडीच्या बाहेर, बॉनेटच्या डाव्या अंगाला बसवलेलं असे. दादरहून परळ म्हणजे अगदी जवळचं भाडं, पण त्यांच्या तोंडून नाराजीचा शब्द निघाला नाही. हॉस्पिटलच्या दारात मोठ्या आईने पदराची गाठ सोडत विचारलं, “किती झाले जी भाऊ?” त्यांनी डोक्यावरच्या झडपेतून प्लास्टिकमध्ये घातलेलं भाड्याच्या दरांचं एक मळकं कार्ड काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. “माँजी, इधर मीटर, इधर पैसा. खुद देख लो.” मोठ्या आईला अक्षरओळख नव्हती. मी वाचलं, तिने पैसे मोजले, त्यांनी सुटे परत केले. त्यानंतर दिवसभर, केसपेपरच्या रांगेत आणि बाकावर बसल्या बसल्या, ती एकच गोष्ट सांगत राहिली: “बरोब्बर घेतले जी त्यानं.”

परक्या शहरात, आजाराच्या भीतीने दबलेल्या बाईला एवढा एक भरवसा मिळाला होता. तो केवळ त्या गृहस्थांच्या सज्जनपणातून आलेला नव्हता. त्यामागे एक व्यवस्था होती आणि पद्मिनी तिचं दारावरचं रूप होती. पद्मिनीचं चरित्र सांगायचं ते यासाठी.

ती मराठी मुलुखातच जन्मली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे अमेरिकन धाटणीच्या गाड्या आणि ट्रक जोडले जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी नातं जुळलं आणि ११०० मालिकेच्या गाड्या येऊ लागल्या. त्यातल्या एका गोलसर गाडीला मुंबईकरांनी लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९६४ मध्ये कोनदार बांध्याची ११०० डिलाइट आली. पुढे तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

मुंबईत मोटार टॅक्सी त्याच्या कितीतरी आधी, १९११ मध्ये आली होती आणि व्हिक्टोरिया घोडागाडीच्या शेजारी उभी राहून तिने गिऱ्हाईक मिळवलं होतं. कोलकात्याने टॅक्सी म्हणून ऐसपैस अँबॅसॅडर निवडली, मुंबईने ही आटोपशीर फियाट. अरुंद गल्ल्यांत ती सहज वळायची, ११०० सीसीच्या इंजिनात फारसा गुंता नव्हता, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच नळीवर असल्यामुळे पुढची जागा मोकळी राहायची. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या वर गेली होती आणि रस्त्यावर नजर टाकली तर बहुतेक पद्मिनीच दिसत.

तिच्या मागे किती हात होते. एका गाडीवर बहुधा दोन चालक, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. एक उतरायचा तेव्हा दुसरा फडकं घेऊन काच पुसायला उभा असायचा. कुणी जौनपूर-आझमगढचा, कुणी मंगळूरकडचा, कुणी पंजाबातून आलेला, कुणी कोकणातला. घर हजार मैलांवर आणि झोप पुष्कळदा मागच्या सीटवर. मुजफ्फर अली यांनी १९७८ च्या ‘गमन’ या चित्रपटात अशाच एका टॅक्सीचालकाची कथा सांगितली. त्याशिवाय रेक्झिनची सीट शिवणारे, छताला आतून फुलाफुलांचं कापड लावणारे, मडगार्ड ठोकून सरळ करणारे, मीटर दुरुस्त करून आरटीओत पासिंगला नेणारे. यांतल्या कुणाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. डॅशबोर्डवर कुणाच्या गणपती होता, कुणाच्या मक्केचं चित्र, कुणाच्या गुरू नानकांची तसबीर. प्रवाशाला सगळ्या गाड्या सारख्याच होत्या, कारण भाडं सारखं होतं.

हे सारखेपण सरकारने आणि टॅक्सीवाल्याने मिळून घडवलं होतं. परवाना हा दोन्ही बाजूंना बांधणारा करार होता. सरकारचं म्हणणं असं की शहरात टॅक्सी किती असाव्यात हे आम्ही ठरवू, म्हणजे तुझ्या पोटावर पाय येणार नाही. त्याबदल्यात भाडं आम्ही ठरवू, मीटर तपासून त्याला सील लावू, तुझी पोलीस पडताळणी करून बॅज देऊ, गाडीचं पासिंग वेळच्या वेळी करून घेऊ, रंगही आम्हीच सांगू. आणि गिऱ्हाईक आलं की तू नाही म्हणायचं नाहीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ मध्ये भाडं नाकारणाऱ्याला दंड सांगितलेला आहे तो याच करारापोटी. चालकाने हा करार पत्करला, गावाकडची जमीन गहाण टाकून नाहीतर बायकोचं डोरलं मोडून परवाना मिळवला आणि जन्मभर त्याचे हप्ते फेडले. धो-धो पाऊस पडत असो, लोकल बंद असो की दिवाळीचा पाडवा असो, मीटरचा आकडा गरज पाहून वाढत नसे. मध्यरात्रीनंतरचा जादा आकार होता, तोही कार्डावर छापलेला.

आता आमच्या सेलूतली नागपूर-पुण्याला शिकणारी मुलं सुट्टीत घरी आली की विचारतात, मोबाइलवर गाडी बोलावण्याची इतकी सोय झालेली असताना सरकारं तिला आडकाठी का करतात? नव्याची भीती वाटते का? मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. सरकार थबकतं, कारण त्याने आधीच कुणाला तरी शब्द दिलेला असतो.

हे समजून घ्यायला सेलूच्या मुलांनी मुंबईपर्यंत जाण्याचंही कारण नाही. आपल्या चौकात उभी राहणारी जीप हीसुद्धा काळी-पिवळीच. घोराडला केजाजी महाराजांच्या यात्रेला, हिंगणीला, केळझरला, पवनारमार्गे वर्ध्याला तिने आपल्याला आयुष्यभर नेलं. ती भरली की सुटते आणि हात दाखवला की थांबते, एसटी तिच्या वेळेवर सुटते. लहानपणापासून आपण पाहत आलो की या जीपांवर अधूनमधून कारवाई होते आणि एसटी स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खासगी वाहनाने प्रवासी भरू नयेत, असा दंडक आहे. जीपवाला आपल्यातलाच, कष्टाळू, अडीनडीला रात्री-बेरात्री धावून येणारा. मग सरकारने त्याला अडवावं का?

एसटीकडे पाहिलं की याचं उत्तर मिळतं. दहा मुलांसाठी ती आडगावाला जाते, पासवर नेते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट आणि बायाबापड्यांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात. रिकामी असली तरी फेरी करते. ही सेवा चालायला वर्दळीच्या मार्गावर मिळणाऱ्या पैशांचाही आधार लागतो. भरगच्च मार्गावरचं गिऱ्हाईक दुसऱ्याने आधीच उचललं, तर आडगावची गाडी कुणाच्या जिवावर चालणार? जीपवाल्याचाही दोष नाही आणि एसटीचाही नाही. पण ज्याने सर्वांना नेण्याचं वचन दिलं त्याच्या पाठीशी उभं राहणं सरकारला भाग पडतं.

ॲपवरच्या टॅक्सीचं प्रकरण जगभर याच वळणाने गेलं. भावीश अग्रवाल आणि अंकित भाटी यांनी २०१० मध्ये ओला सुरू केली आणि २०१३ मध्ये उबेर भारतात आली. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही टॅक्सी चालवत नाही, आम्ही चालक आणि प्रवाशाची फक्त गाठ घालून देतो. प्रवाशांना ते आवडलं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. घराच्या दारात गाडी येते, रस्ता नकाशावर दिसतो, रात्री एकट्या मुलीचा प्रवास घरच्यांना मोबाइलवर पाहता येतो. पण केवळ गाठ घालून देणाऱ्याची जबाबदारी कुठवर, हा प्रश्न उरला. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर अत्याचार झाला तेव्हा हा प्रश्न फार कठोरपणे समोर आला आणि दिल्ली सरकारने तातडीने बंदी घातली. लंडनने सप्टेंबर २०१७ मध्ये उबेरचा परवाना पुढे चालू ठेवायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की उबेर ही वाहतूक सेवाच आहे आणि तिला वाहतुकीचे नियम लागू होतात.

लंडनच्या काळ्या टॅक्सीचा चालक शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करून परीक्षा देतो, तेव्हा कुठे त्याला बिल्ला मिळतो. न्यूयॉर्कमध्ये पिवळ्या टॅक्सीचं परवाना-पदक दहा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. स्थलांतरित चालकांनी कर्ज काढून ते घेतलं, आणि ॲपच्या गाड्या आल्यावर त्याची किंमत कोसळली. आपल्याकडच्या गहाण पडलेल्या जमिनीची आठवण व्हावी असंच ते दुःख. जी सरकारं अडून बसली, त्यांच्यासमोर अशी कुटुंबं उभी होती.

घरं भाड्याने देण्याच्या ॲपबाबतही कारण वेगळं नाही. पाहुण्याने दोन रात्री राहावं म्हणून घर दिलं की ते वर्षभर राहू पाहणाऱ्या कुटुंबाच्या हातून जातं. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून थोड्या दिवसांच्या भाड्यावर कडक नोंदणी लावली. बार्सिलोनाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांसाठीचे दहा हजारांवर फ्लॅट परवाने संपवायचं जाहीर केलं. आपल्या देशात तर मुक्कामाच्या जागेची नोंद ठेवणारा सराई कायदा १८६७ पासूनचा आहे. महाराष्ट्राने घरगुती पाहुणचाराला कधी मज्जाव केला नाही. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेत नाव नोंदवून कोकणातल्या किती घरांनी दोन पैसे मिळवले. दारात कोण उतरलं आणि त्याची जबाबदारी कुणाची, एवढं सरकारला माहीत असावं लागतं.

या वादात पद्मिनी मात्र कधीच पडली नाही. तिचं वय होत चाललं होतं. २००० च्या सुमारास कुर्ल्याहून नवी पद्मिनी येणं थांबलं. हवेच्या काळजीपोटी न्यायालयाने सांगितलं म्हणून तिने सीएनजीची टाकी पोटात घेतली. त्या टाकीने डिकी अडली तेव्हा सामान पुन्हा टपावर चढवलं. २००७ मध्ये मेरू या टॅक्सी कंपनीच्या वातानुकूलित गाड्या रस्त्यावर आल्या. २००८ मध्ये पंचवीस वर्षांची वयोमर्यादा लागली आणि २०१३ मध्ये ती वीसवर आली. बाहेरचं लोखंडी मीटर जाऊन आकडे चमकणारं इलेक्ट्रॉनिक मीटर बसलं, कार्डाची गरज सरली. मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने निदान एक पद्मिनी जतन करावी अशी विनंती शेवटी शेवटी केली. बाकीच्या एकेक करून भंगारात गेल्या आणि त्यांच्या परवान्यांवर नव्या बांध्याच्या छोट्या गाड्या आल्या. रंग तेवढा तिचा राहिला.

ती जात असताना राज्य तिच्या कराराची नवी लिखापढी करत होतं. २०१७ मध्ये महाराष्ट्राने ॲपच्या गाड्यांसाठी शहर टॅक्सी नियम काढले. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कंपन्यांना परवान्यासाठी रीतसर अर्ज करायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात विनापरवाना चाललेली दुचाकी टॅक्सी न्यायालयाच्या आदेशाने थांबली, आणि २०२५ मध्ये राज्याने विजेवरच्या दुचाकी टॅक्सीला नियमांच्या चौकटीत वाट करून दिली. त्याच वर्षीच्या ॲप टॅक्सी धोरणात मागणी कितीही वाढली तरी भाडं मूळ दराच्या दीडपटीपुढे जाऊ नये आणि भाड्याचा ऐंशी टक्के वाटा चालकाला मिळावा, असं ठरलं. मला यात अडवणूक दिसत नाही. घरात नवं माणूस येताना जुन्या माणसाची जागा राखावी, अशी ही काळजी आहे. ती घेताना उशीर झाला असेल, कधी हात आखडला असेल, तरी हेतू खोटा नव्हता.

जुलै २०२५ मध्ये मुंबईत ॲपवर गाडी चालवणाऱ्यांनीच संप पुकारला. तरुण पोरं, कर्जाने घेतलेल्या पांढऱ्या गाड्या. किलोमीटरमागे हातात पडणारा पैसा इंधनालाही पुरत नाही, ही त्यांची व्यथा होती. आणि काळी-पिवळीला जे भाडं मिळतं ते आम्हालाही द्या, ही त्यांची मागणी होती. आपल्या वर्धा-नागपूरकडची किती पोरं आज अशा गाड्या चालवतात, त्यांना मीटर कशासाठी असतं हे कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सेलूतल्या आणि अवतीभवतीच्या वाचकांना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, कुणा निवृत्त काकांच्या पेटीत पद्मिनीचं लोखंडी मीटर, एखादं टॅरिफ कार्ड किंवा बॅज असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका. शाळेला द्या, वाचनालयाला द्या, शेजारी त्या चालकाचं नाव आणि गाव लिहून ठेवा.

फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळी-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे, म्हणजे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. गाडी वातानुकूलित असेल तर त्यावर दहा टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने ॲपवरच्या टॅक्सीसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर लावला. २० रुपये ६६ पैशांत दहा टक्के मिळवले की एवढेच होतात.